डायानाच्या माहेरची वाट

१९८१ साली डायाना ब्रिटनच्या राजघराण्याची सून झाली. बातम्यांनी तिला बालवाडीत काम करणारी साधी मुलगी म्हणून रंगवले. वंशावळ मांडून बसले की वेगळेच चित्र दिसते. तिच्या सासरचे घराणे ब्रिटिश गादीवर १७१४ साली जर्मनीतल्या हॅनोव्हरहून आले आणि त्याने 'विंडसर' हे आडनाव १९१७ साली घेतले. तिच्या माहेरच्या स्पेन्सरांनी नॉर्दॅम्प्टनशरमधले ऑल्थॉर्प १५०८ साली विकत घेतले आणि ते आजही तिथेच राहतात. हे माहेर समजून घ्यायला पुस्तकापेक्षा गावे फिरणे बरे, कारण स्पेन्सरांनी सगळे काही दगडात, चित्रांत आणि थडग्यांत मांडून ठेवले आहे.

आधी तारखांचे गणित. ऑल्थॉर्पचा वाडा फक्त उन्हाळ्यात, मुख्यतः जुलै-ऑगस्टमध्ये, लोकांसाठी उघडतो. लंडनचे स्पेन्सर हाउस काही ठराविक रविवारीच पाहता येते आणि ऑगस्टमध्ये सहसा बंद असते. सँड्रिंगहॅमचा राजवाडा जुलैच्या शेवटी काही दिवस बंद ठेवतात. म्हणजे तिन्ही एका फेरीत हवीत तर जुलैचा पहिला पंधरवडा धरावा आणि सुरुवात रविवारी करावी. दर वर्षी तारखा बदलतात. म्हणून आधी ऑल्थॉर्पचे तिकीट काढावे आणि त्याभोवती बाकीचे बेत बसवावेत. उलट केले की हमखास फसते.

दुसरी तयारी कागदावरची. स्पेन्सरांत जॉन, चार्ल्स आणि रॉबर्ट ही नावे इतक्या वेळा येतात की नुसत्या नावावर विसंबले तर तासाभरात गोंधळ उडतो. त्यातून पदव्या तीन: अर्ल ऑफ संडरलंड, ड्यूक ऑफ मार्लबरो आणि अर्ल स्पेन्सर. 'पाचवा अर्ल' म्हटले की संडरलंडचा पाचवा (तोच पुढे मार्लबरोचा तिसरा ड्यूक झाला) की स्पेन्सरांचा पाचवा, यात दीडशे वर्षांचा फरक पडतो. म्हणून प्रत्येक पुरुषापुढे पदवी, क्रमांक आणि मृत्यूचे साल लिहावे, आणि बायकोचे माहेर न चुकता लिहावे. या घराण्याच्या गोष्टीत खरी कलाटणी दर वेळी बायकांच्या माहेरामुळे मिळते.

पहिला दिवस, रविवार: लंडन

ग्रीन पार्क स्टेशनवर उतरले की सेंट जेम्सेस प्लेसमधले स्पेन्सर हाउस पाच-सात मिनिटांवर आहे. ते फक्त मार्गदर्शकासोबत पाहता येते, साधारण तासाभराची फेरी असते. १७५६ ते १७६६ या काळात हा प्रासाद बांधला गेला. आराखडा आधी जॉन व्हार्डीचा, नंतर जेम्स स्ट्युअर्टचा. तळमजल्यावरची 'पाम रूम' व्हार्डीची आहे, तिचे खांब सोनेरी ताडाच्या झाडांसारखे कोरलेले आहेत. वरची 'पेंटेड रूम' स्ट्युअर्टची. बांधणारा जॉन स्पेन्सर, जो १७६५ साली पहिला अर्ल स्पेन्सर झाला. त्याने डिसेंबर १७५५ मध्ये, एकविसावा वाढदिवस उलटताच, ऑल्थॉर्पमध्ये जॉर्जियाना पॉइन्ट्झशी गुपचूप लग्न केले. वाड्यात पाहुणे जमलेले असताना एका खोलीत लग्न लागले. प्रासादाच्या सजावटीतला लग्नाचा आणि प्रेमाचा विषय या दोघांच्या संसाराला धरूनच आहे.

एवढा पैसा आला कुठून, हा प्रश्न इथेच विचारायला हवा. त्याचे उत्तर म्हणजे सारा चर्चिल, पहिल्या ड्यूक ऑफ मार्लबरोची पत्नी आणि राणी ॲनची एके काळची जिवलग मैत्रीण. तिची मुलगी ॲन तिसऱ्या अर्ल ऑफ संडरलंडला, म्हणजे चार्ल्स स्पेन्सरला दिलेली. ड्यूकचा एकुलता मुलगा तरुणपणीच वारला होता, म्हणून खास कायदा करून ती पदवी मुलींच्या वंशातून चालू ठेवली होती. १७३३ साली ती या ॲनच्या मुलाकडे आली. तो मार्लबरोंच्या ब्लेनहाइम या राजवाड्याचा मालक झाला आणि ऑल्थॉर्प धाकट्या भावाकडे, जॉनकडे गेले. म्हणजे ब्लेनहाइमचे चर्चिल आणि ऑल्थॉर्पचे स्पेन्सर ही एकाच आजीची नातवंडे. हा जॉन साराचा लाडका नातू. १७४४ साली ती वारली तेव्हा तिची स्वतःची अफाट मिळकत त्याच्याकडे आली, सरकारी पद किंवा वेतन घ्यायचे नाही या अटीवर. तो दोन वर्षांत वारला. सगळे त्याच्या अल्पवयीन मुलाकडे गेले, आणि त्यानेच पुढे हे घर बांधले.

साराची आणखी एक नात होती, तिचे नाव लेडी डायाना स्पेन्सर. साराने तिचे लग्न प्रिन्स ऑफ वेल्स फ्रेडरिकशी लावायचा घाट घातला होता आणि एक लाख पौंड हुंडा देऊ केला होता, असे सांगतात. पंतप्रधान वॉल्पोलने तो मोडला. ही डायाना पुढे बेडफर्डची डचेस झाली आणि १७३५ साली, पंचविशीत, क्षयाने गेली.

आतली दारे आणि शेकोट्यांचे संगमरवर पाहताना लक्षात ठेवावे की त्यांतले बरेच हुबेहूब केलेल्या नकला आहेत. दुसऱ्या महायुद्धात बाँबहल्ल्यांच्या भीतीने सातव्या अर्लने मूळ वस्तू काढून ऑल्थॉर्पला नेल्या, त्या तिकडेच राहिल्या. लॉर्ड रॉथ्सचाइल्डच्या कंपनीने १९८५ मध्ये ही वास्तू दीर्घ भाड्याने घेतली आणि मग कारागिरांकडून नकला घडवून घेतल्या.

दुपारी वेस्टमिन्स्टर ॲबी आत जाऊन बघायचा बेत करू नये, रविवारी ती फक्त उपासनेसाठी उघडी असते. बाहेरून पाहावी. १ जून १९५४ रोजी डायानाच्या आईवडिलांचे लग्न इथे झाले, आणि ६ सप्टेंबर १९९७ रोजी तिची अंत्यप्रार्थनाही. तिचे स्वतःचे लग्न मात्र सेंट पॉल्समध्ये झाले, २९ जुलै १९८१ रोजी.

दुसरा दिवस: सँड्रिंगहॅम

किंग्ज क्रॉसहून किंग्ज लिनला थेट गाडी आहे, पावणेदोन-दोन तास लागतात. किंग्ज लिनहून सँड्रिंगहॅमच्या फाटकापर्यंत बस जाते. राजवाड्याच्या आवारात पार्क हाउस आहे. १ जुलै १९६१ रोजी डायानाचा जन्म तिथे झाला. राजवाड्याच्या कुंपणातले ते घर तिच्या आईकडून आलेले आहे, वडिलांकडून नव्हे. आईचे वडील, चौथे बॅरन फर्मॉय, पंचम जॉर्जच्या कुटुंबाचे स्नेही आणि किंग्ज लिनचे खासदार होते. त्यांना हे घर भाड्याने मिळाले. डायानाची आई फ्रान्सेससुद्धा इथेच जन्मली, २० जानेवारी १९३६ रोजी. त्याच रात्री शेजारच्या राजवाड्यात पंचम जॉर्ज वारला. आजी रूथ, लेडी फर्मॉय, या राजमातेच्या निकटच्या सेविका होत्या. पियानोवादक असलेल्या रूथ यांनी १९५१ साली किंग्ज लिनचा संगीतमहोत्सव सुरू केला. वडिलांकडची आजी सिंथिया हीसुद्धा राजमातेच्याच सेवेत होती. तेव्हा चार्ल्स आणि डायानाच्या दोन्ही घरांची ये-जा आधीपासूनच होती.

फर्मॉय घराण्यात अमेरिकन रक्तही आहे. फ्रान्सेसची आजी फ्रान्सेस वर्क ही न्यूयॉर्कच्या फ्रँक वर्क या शेअर दलालाची मुलगी. परदेशी उमरावांशी आपल्याकडच्या मुलींनी लग्ने करावीत हे फ्रँकला मुळीच मान्य नव्हते. मुलीचे लग्न अकरा वर्षांत मोडले आणि ती मुलांना घेऊन परत आली.

सेंट मेरी मॅग्डलीन चर्च पाहून परत फिरावे. डायानाचे बारसे याच चर्चमध्ये झाले. पार्क हाउस आतून पाहायला मिळत नाही. राणी दुसऱ्या एलिझाबेथने नंतर ते अपंगांसाठीच्या हॉटेलाला दिले होते.

तिसरा दिवस: ऑल्थॉर्प आणि ग्रेट ब्रिंग्टन

हा सगळ्यात मोठा दिवस. युस्टनहून नॉर्दॅम्प्टन साधारण तासाभराचा प्रवास, तिथून टॅक्सीने वीस मिनिटे. जुन्या नकाशात 'ऑल्थॉर्प पार्क' हे स्टेशन दिसते, ते १९६० साली बंद झाले. त्यावर विसंबू नये. परतीची टॅक्सी सकाळीच ठरवून ठेवावी, कारण गावात ती सहज मिळत नाही.

वाड्याजवळ गेल्यावर आधी भिंतीचे कोपरे पाहावेत. बाहेरून फिकट विटांचा दिसणारा हा वाडा मुळात लाल विटांचा ट्यूडर वाडा आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी हेन्री हॉलंडने त्यावर विटेसारख्या दिसणाऱ्या कौलांचा थर चढवला. ही कौले एकावर एक अडकवून लावतात, समोरून सांधा विटेचाच वाटतो. आत शिरताच वूटन हॉल, जॉन वूटनच्या शिकारीच्या प्रचंड चित्रांनी भरलेला. पुढे मोठ्या लाकडी जिन्याचे दालन. हे पूर्वी उघडे अंगण होते, १६६० च्या दशकात दुसऱ्या अर्ल ऑफ संडरलंडने त्यावर छत घालून आत घेतले. वर चित्रदालन, लांबी ११५ फूट. पावसाळी दिवसांत घरातल्या बायका इथे फेऱ्या मारत. व्हॅन डाइकचे जोडचित्र आणि पीटर लेलीने रंगवलेल्या दुसऱ्या चार्ल्सच्या दरबारातल्या स्त्रिया इथेच आहेत.

इथे थांबून कागदावरची वंशावळ काढावी, कारण या भिंतींवरून दोन राजांकडे रेघ जाते. चौथ्या अर्लची दुसरी पत्नी ॲडलेड सीमोर. तिचे आजोबा लॉर्ड ह्यू सीमोर, आणि त्यांची आई इसाबेला फिट्झरॉय ही दुसऱ्या ड्यूक ऑफ ग्राफ्टनची मुलगी. पहिला ड्यूक ऑफ ग्राफ्टन हा दुसऱ्या चार्ल्सचा अनौरस मुलगा. ह्यूची पत्नी होरेशिया वॉल्डग्रेव्ह. तिच्या पणजीचे नाव हेन्रिएटा फिट्झजेम्स, ती दुसऱ्या जेम्सची अनौरस मुलगी. एका ॲडलेडमुळे दोन्ही स्टुअर्ट राजांचे रक्त ऑल्थॉर्पमध्ये आले. दुसरी वाट सिंथियाची. तिची आई रोझलिंड बिंगहॅम, तिची आई सिसिलिया गॉर्डन-लेनॉक्स, पाचव्या ड्यूक ऑफ रिचमंडची मुलगी. पहिला ड्यूक ऑफ रिचमंड हाही दुसऱ्या चार्ल्सचाच मुलगा. दुसऱ्या चार्ल्सला औरस संतती नव्हती, म्हणून त्याचा वंश गादीवर कधी आलाच नाही. विल्यम राजा झाला तर तो या चार्ल्सचा वंशज असलेला पहिला राजा असेल, आणि ते आईकडून. फक्त पुरुषांची यादी करत बसले तर यातले काहीच हाती लागत नाही.

पुरुषांतही एक-दोघांपाशी थांबलेच पाहिजे. तिसरा अर्ल राजकारणात 'लॉर्ड ऑल्थॉर्प' म्हणून ओळखला जातो, कारण वडील हयात असताना ती सौजन्याची पदवी होती आणि त्यामुळे तो लोकसभेसारख्या कनिष्ठ सभागृहात बसू शकत होता. १८३२ चा मतदारसंघ सुधारणेचा कायदा तिथे त्याने पार पाडला. नोव्हेंबर १८३४ मध्ये वडील वारले, त्याला वरिष्ठ सभागृहात जावे लागले, आणि तेवढे निमित्त साधून चौथ्या विल्यमने अख्खे मंत्रिमंडळ बरखास्त केले. एका मृत्यूमुळे सरकार पडले, ते या घरात. तो स्वतः मात्र राजकारणातून सुटलो म्हणून खूश होता आणि पुढे शॉर्टहॉर्न गुरांची पैदास करत राहिला.

डायानाची समाधी वाड्यामागच्या तळ्यातल्या बेटावर आहे. बेटावर जाता येत नाही, काठावरूनच पाहायचे. वाटेवर ३६ ओकची झाडे लावलेली आहेत, तिच्या आयुष्याच्या एकेका वर्षासाठी. काठावरची देवळासारखी छोटी वास्तू लंडनच्या ॲडमिरल्टी हाउसच्या बागेतून आली, पाचव्या अर्लने ती विकत घेतली होती. तिथे आता डायानाचे नाव आहे.

फाटकातून बाहेर पडून मैलभर चढ चढला की ग्रेट ब्रिंग्टनचे सेंट मेरी चर्च. पायवाट नसलेला रस्ता असल्याने उजवीकडून, गाड्यांना सामोरे जात चालावे. वेदीच्या डाव्या हाताला लोखंडी जाळीमागे स्पेन्सरांचे दालन आहे. आत सोडत नाहीत, पण जाळीतून बहुतेक थडगी दिसतात. दिवसाचा उजेड कमी पडतो, लहान विजेरी जवळ असावी. सगळ्यात जुने थडगे १५२२ साली वारलेल्या सर जॉनचे, ऑल्थॉर्प घेणाऱ्याचे. दुसऱ्या बॅरनची पत्नी पेनेलोपी, शेक्सपिअरचा आश्रयदाता असलेल्या अर्ल ऑफ साउथॅम्प्टनची मुलगी. त्या दोघांचे संगमरवरी थडगे निकोलस स्टोनने १६३८ साली घडवले. कारागिरी पाहायची तर इथे सगळ्यात जास्त वेळ द्यावा. झोपलेल्या आकृतींच्या उशा आणि कपड्यांच्या चुण्या त्या काळच्या इंग्रजी शिल्पात क्वचितच इतक्या मऊ दिसतात. जमिनीवर लॉरेन्स वॉशिंग्टनची शिळा आहे, मृत्यू १६१६, अमेरिकेचा पहिला अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टनचा पूर्वज. तिच्यावरून लोक सहसा पाय देऊन निघून जातात.

थडग्यांवरच्या ढालींबद्दल एक सावधगिरी. स्पेन्सरांच्या ढालीवरून त्यांचे मूळ मध्ययुगीन डिस्पेन्सर सरदारांपर्यंत नेलेले अजूनही वाचायला मिळते. ही जोडणी सोळाव्या शतकाच्या शेवटी एका वंशावळकाराने करून दिली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला होरेस राउंडने कागदपत्रे तपासून ती खोटी ठरवली. स्पेन्सर मुळात मेंढपाळ होते, आणि आमच्या मते ही हकीकत डिस्पेन्सरांपेक्षा जास्त अभिमानाची आहे.

चौथा दिवस: वर्मलेटन

म्हणूनच वर्मलेटन टाळू नये, जरी तिथे तिकीटखिडकी नाही आणि चहाचे दुकानही नाही. हे वॉरिकशरमधले छोटे गाव. जवळचे मोठे स्टेशन बॅनबरी, पुढे टॅक्सी किंवा स्वतःची गाडी. पाणी आणि खाणे बरोबर घ्यावे.

सर जॉनने हे गाव १५०६ साली विकत घेतले, ऑल्थॉर्पच्या दोन वर्षे आधी. त्याआधी विल्यम कोप या मालकाने साधारण साठ माणसांना उठवून शेतजमीन कुरणाखाली घातली होती. त्या काळी लोकरीला आणि मटणाला धान्यापेक्षा जास्त भाव होता, आणि नांगराला माणसे लागतात तर मेंढ्यांना एक धनगर पुरतो. १५१७ साली अशा बंदिस्त कुरणांची सरकारी चौकशी झाली तेव्हा सर जॉनला उत्तर द्यावे लागले. आपण गाव उठवलेले नाही, उलट घरे बांधली, चर्च सजवले, झाडे लावली, असे त्याने मांडले. जुन्या गावठाणाच्या खुणा आजही कालव्याच्या बाजूच्या कुरणात गवताखाली उंचवटे होऊन दिसतात. त्या पाहायच्या तर सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जावे. ऊन तिरपे असले की सावल्यांनी रस्ते आणि घरांचे चौथरे उठून दिसतात, भर दुपारी सगळे सपाट वाटते.

मूळ वाड्याचा एक विटांचा भाग आणि १६१३ सालचे प्रवेशद्वार उरले आहे. राजा आणि संसद यांच्या यादवी युद्धात, ऑक्टोबर १६४२ मध्ये, एजहिलच्या लढाईच्या आदल्या रात्री राजाच्या बाजूचा राजपुत्र रूपर्ट इथे उतरला होता. १६४६ मध्ये वाडा शत्रूच्या हाती पडू नये म्हणून राजाच्याच सैन्याने तो जाळला. उरलेली घरे खासगी आहेत, रस्त्यावरूनच पाहावीत.

मेंढ्यांवरून स्पेन्सरांना टोमणे मारले गेले. १६२१ साली वरिष्ठ सभागृहात पहिला बॅरन रॉबर्ट स्पेन्सर जुन्या इतिहासाबद्दल बोलत असताना अर्ल ऑफ अरुंडेल म्हणाला की त्या काळी तुमचे पूर्वज मेंढ्या राखत होते. रॉबर्टने उत्तर दिले, माझे मेंढ्या राखत होते तेव्हा तुमचे राजद्रोहाचे कट रचत होते. अरुंडेलची रवानगी टॉवरच्या तुरुंगात झाली.

पाचवा दिवस: मँचेस्टर

डीन्सगेटवरचे जॉन रायलंड्स ग्रंथालय, प्रवेश मोफत. ऑल्थॉर्पमध्ये जी पुस्तके दिसत नाहीत ती इथे आहेत. दुसऱ्या अर्लने, ज्याने ॲडमिरल्टीचा, म्हणजे आरमार खात्याचा, प्रमुख असताना नेल्सनला भूमध्य समुद्रात पाठवले, युरोपातला एक उत्तम खासगी ग्रंथसंग्रह जमवला. १८१२ च्या प्रसिद्ध लिलावात बोकाचिओच्या 'डेकॅमेरॉन' या कथासंग्रहाची १४७१ सालची प्रत त्याच्या हातून निसटली, मार्लबरो शाखेतल्या भाऊबंदाने ती २,२६० पौंडांना नेली. काही वर्षांनी तो कर्जात बुडाल्यावर अर्लने तीच प्रत ९१८ पौंडांना घेतली.

संग्रह का विकला गेला याचे कारण साधे आहे. १८७० नंतर अमेरिकेचे स्वस्त धान्य आले, शेतीचे खंड पडले, आणि जमिनीवर जगणाऱ्या घराण्यांना रोकड लागली. पाचव्या अर्लने १८९२ साली चाळीस हजारांहून अधिक ग्रंथ हे ग्रंथालय उभारणाऱ्या एनरिकेटा रायलंड्स यांना सुमारे २,१०,००० पौंडांना दिले. गुटेनबर्गचे बायबल त्यातच होते.

सहावा दिवस: ॲबर्डीन, आणि तिथून सुरत

मँचेस्टरहून ॲबर्डीनला जाण्यात जवळजवळ अख्खा दिवस जातो, एडिनबरोला गाडी बदलणे सोयीचे. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी भाड्याने घेऊन उत्तरेला फ्रेझरबरोच्या दिशेने निघाले की बॉइंडलीचा परिसर लागतो. घर खासगी आहे, आत जाता येत नाही. पण मराठी वाचकाला या सगळ्या वाटेवर सगळ्यात जवळची वाटेल अशी गोष्ट इथलीच आहे.

बॉइंडलीच्या फोर्ब्ज घराण्यातला थिओडोर फोर्ब्ज ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत सुरतेला होता. तिथे एलायझा केवार्क ही त्याच्यासोबत राहत होती. १८१२ साली त्यांना कॅथरिन, म्हणजे किटी, ही मुलगी झाली. थिओडोर पुढे मुंबईला आला, फोर्ब्ज आणि कंपनीच्या पेढीत. ती पेढी १७६७ साली ॲबर्डीनशरच्याच जॉन फोर्ब्जने काढली, आणि तिचे नाव आजही मुंबईच्या फोर्ट भागातल्या फोर्ब्ज बिल्डिंगवर आहे. एलायझा सुरतेलाच राहिली, पत्रे पाठवत राहिली. थिओडोर १८२० साली मायदेशी परतताना जहाजावर वारला. त्याच्या मृत्युपत्रात तिचा उल्लेख घर सांभाळणारी बाई असा आहे. लहानग्या किटीला स्कॉटलंडला पाठवले होते. मुलगा अलेक्झांडर हिंदुस्थानातच राहिला.

किटीचे लग्न जेम्स क्रॉम्बीशी झाले. तिची मुलगी जेन, जेनची मुलगी रूथ लिटलजॉन, तिची मुलगी रूथ गिल, म्हणजेच किंग्ज लिनचा महोत्सव काढणारी लेडी फर्मॉय. तिची मुलगी फ्रान्सेस आणि फ्रान्सेसची डायाना. एलायझा ही लेडी फर्मॉय यांची खापरपणजी.

घरात एलायझाला आर्मेनियन म्हणत आले. सुरतेत आर्मेनियन व्यापारी होतेच, आणि केवार्क हे नाव आर्मेनियनच आहे. २०१३ साली मातृवंशाने जोडलेल्या दोन नातलगांच्या नमुन्यांवरून चाचणी झाली, आणि मायटोकॉन्ड्रियातला गट आर३०बी निघाला, जो मुख्यतः दक्षिण आशियात सापडतो. अनेकांनी यावरून आर्मेनियन ही गोष्ट खोटी ठरवली. तसे होत नाही. हा डीएनए फक्त आईकडून येतो, आईच्या आईकडून, तिच्या आईकडून. म्हणजे तो एलायझाच्या आईच्या बाजूबद्दल बोलतो, वडिलांबद्दल काहीच सांगत नाही. वडील आर्मेनियन आणि आई हिंदुस्थानी असेल तर नाव आणि चाचणी दोन्ही खरी ठरतात.

मुंबईहून सुरत रेल्वेने तीन-चार तास. तिथल्या जुन्या इंग्रज आणि आर्मेनियन दफनभूमी पाहिल्या की त्या काळच्या बंदराची वस्ती कशी मिसळलेली होती ते कळते. विल्यम आणि हॅरीकडे हा मातृवंशाचा डीएनए आला आहे, पण पुरुष तो पुढे देत नाहीत. राजघराण्यात तो त्यांच्यापाशीच थांबतो. डायानाच्या दोन थोरल्या बहिणी, सारा आणि जेन, यांच्या मुलींकडून मात्र तो अजून पुढे जाऊ शकतो.